हळदीचं बन्यान

फ्रेम दादानं चांगली करून घेतली, हे आधीच कबूल करते. सागवानी चौकट, आत निळी मखमल, आणि मखमलीवर टाचण्या मारून ताणलेलं ते बन्यान. वणीला चंद्रपूर रोडवर दादाचं हॉटेल आहे. तिथं गल्ल्याच्या मागे, गजानन महाराजांच्या फोटोशेजारी ही फ्रेम लावली आहे. खाली पितळी पट्टीवर कोरून घेतलं आहे: श्री. विलासभाऊ, गोलकीपर, सकाळची फायनल. बन्यानाचा पिवळा रंग उडून आता चहा सांडलेल्या कागदासारखा झाला आहे. डाव्या बगलेपासून कमरेपर्यंत गेलेला पट्टा तेवढा अजून विटकरी आहे.

दादा उंचपुरा माणूस. तेव्हाही होता. त्या बन्यानात त्याचा एक दंडही मावला नसता. पण इतकी माणसं रोज तिथं बसून तर्री-पोहे खातात, वर मान करून बघतात, आणि हे इवलंसं बन्यान या माणसाला झालं कसं, असं कोणी विचारत नाही.

अर्जेंटिना आणि फ्रान्सची फायनल होती त्याच्या आठवडाभर आधी दादाचा फोन आला. "येजो वं बाई. पोट्टीलेही आणजो. मोठा पडदा लावून राह्यलो. मॅचच्या आधी बन्यानाचा छोटासा कार्यक्रम ठेवला." बन्यानाचा कार्यक्रम. मी यवतमाळजवळ लोहाऱ्याला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, आठवड्यातून एक रविवार मिळतो, त्यात धुणं, दळण, पोरीचा अभ्यास. तरी गेले. का गेले ते सांगून टाकते. माझ्या मुलीसमोर, चार लोकांसमोर, दादानं एकदा खरं सांगावं, एवढ्यासाठी गेले. एक वाक्य पाहिजे होतं मला. फ्रेम त्याची त्यानं खुशाल ठेवावी.

तो बॉल मी अडवला होता.

आता ते मैदान दाखवायची सोय नाही. खाणीच्या क्वार्टरांमागे होतं ते. खाण सरकत सरकत आली आणि मैदान गिळून गेली. आज तिथं एवढा मोठा खड्डा आहे की आतली डंपरं खेळण्यातली वाटतात, आणि खड्ड्यातून निघालेल्या मातीचा डोंगर गावाच्या उशाशी उभा आहे. त्या डोंगरात कुठंतरी आमच्या गोलची जागा असेल. एसटी वणीत शिरताना मुक्तानं विचारलं, "आई, तुमचं ग्राउंड कोणतं?" मी हवेत बोट दाखवलं. काय करणार?

मला मात्र ते मैदान वासानं आठवतं. सकाळी दवात भिजलेल्या कोळशाच्या भुकटीचा एक वास असतो, काडी विझवल्यावर येतो तसा. त्यात हमीदचाचांच्या दुकानातल्या रबराचा वास मिसळायचा. चंद्रपूर रोडला तेव्हा टायरवाले, ट्रकचे कमानपाटे बसवणारे, वेल्डिंगवाले अशी दुकानांची रांग होती, तिला सगळे टायर लाइन म्हणत. आमच्या बाबांचं कमानपाट्याचं दुकान त्याच रांगेत, मागच्या बाजूला घर, आणि शेजारी हमीदचाचांचं पंक्चरचं. फुटबॉलचा ब्लॅडर फुटला की चाचा ट्रकच्या ट्यूबला लावतात तेच ठिगळ त्याला लावायचे. मग बॉल एका अंगानं जड व्हायचा आणि हवेत वळायचा. तो कुठं वळणार हे टायर लाइनच्या पोरांना माहीत होतं, कॉलनीच्या पोरांना नव्हतं. कॉलनी म्हणजे खाणीचे क्वार्टर. त्यांच्याकडे बूट होते आणि आमच्याकडे ठिगळाचा बॉल.

ती सकाळची फायनल दुसरीकडे कुठं खेळत असतील असं मला वाटत नाही. जगाची फायनल ज्या दिवशी, त्या दिवशी सकाळी कॉलनी आणि टायर लाइन यांची मॅच. हमीदचाचा टोपी काढून तिच्यात दोन चिठ्ठ्या टाकायचे. जी चिठ्ठी निघेल तो देश त्या बाजूचा. आणि सकाळी जो देश वणीत जिंकेल तोच संध्याकाळी तिकडं जिंकणार, असा सगळ्यांचा पक्का विश्वास. खोटा ठरला तर चार वर्षं कोणी विषय काढायचा नाही, खरा ठरला तर चार वर्षं ऐकून घ्यायचं. म्हाताऱ्या बायासुद्धा विचारायच्या, काय रे, सकाळी कोण आलं?

मी बॉल अडवला त्या वर्षी जपानमध्ये फायनल होती, ब्राझील आणि जर्मनीची. त्यामुळे आपल्याकडे ती ऐन दुपार उतरताना दिसणार होती. टायर लाइनला ब्राझील निघालं. पोट्टे नाचले. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की पिवळे कपडे आणायचे कुठून? कॉलनीला जर्मनी आली होती, त्यांचं बरं होतं. घरातलं पांढरं बन्यान घातलं की झाली जर्मनी.

माझ्या आईनं हळद काढली. घरची, वर्षाची दळून ठेवलेली. अंगणात तीन विटांवर मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढवला, पाणी उकळलं, त्यात हळद आणि तुरटीचा खडा, आणि सगळ्या रांगेतली बन्यानं एकामागं एक बुडवली. लाकडी दांड्यानं ती ढवळायची आणि पोरांना शिव्या द्यायची, "मेल्यायनो, कढीले हळद नाई उरली आता." दोन दिवस आमच्या गल्लीला लग्नघराचा वास होता. तारेवर ओळीनं पिवळी बन्यानं वाळत होती. एका पोराच्या आईला वास सहन होईना म्हणून तिनं त्याचं बन्यान साबणानं घासलं. हळदीला साबण लागल्यावर काय होणार? लाल भडक डाग. ते पोरगं लाल-पिवळं होऊन मैदानावर आलं तेव्हा कॉलनीवाले विचारत होते, हा कोणत्या देशाचा?

दादा आमचा गोलकीपर. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची, त्याच्या गोलमागे उभी राहून गेलेले बॉल आणून द्यायची. नंतर नंतर तो कंटाळला की मला उभं करायचा आणि स्वतः सावलीत बसायचा. हमीदचाचा दुकानातून बघायचे. एकदा म्हणाले, "विलास, तुही बहीण तुयापेक्षा बरी पडते रे." दादा हसला होता तेव्हा. तेव्हा तो हसायचा, हे खरं आहे.

फायनलच्या सकाळी दादा मैदानावर नव्हता. आमच्या भागात त्या दिवशी संध्याकाळचं भारनियमन लागलं होतं. कोळसा आमच्या उशाखालून जातो आणि लाइट आमचीच जाते, हे तेव्हाचं रडगाणं. टीव्ही चालवायचा तर ट्रकची बॅटरी पाहिजे, आणि चार्ज केलेली बॅटरी मिळणार होती वरोऱ्याच्या अलीकडे एका ओळखीच्या ड्रायव्हरकडे. दादा सायकलवर ती आणायला गेला. येतो म्हणाला मॅचच्या आत. आला नाही. सगळे रस्त्याकडे बघत बसले. कॉलनीवाले बूट आपटायला लागले. शेवटी हमीदचाचा माझ्याकडे वळले. "जाय बेटा. घाल बन्यान." एक लहान पोरगं आजारी होतं, त्याचं बन्यान तारेवर उरलं होतं. ते मी फ्रॉकवरून चढवलं. कॉलनीचे हसले. आमचे हसले नाहीत, पण खाली बघत होते.

ती मॅच मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. रात्री पाऊस पडून गेला होता, मैदान चिकट होतं. गोलची रेघ चुन्यानं मारली होती आणि ओल्या मातीत चुना फुगून वर आला होता. घामानं हळद अंगाला लागत होती, माझे दोन्ही हात नवरीसारखे पिवळे. बरोबरी झाली. मग पेनल्ट्या. शेवटची मारायला त्यांच्याकडून खाणीतल्या ओव्हरमन साहेबाचा मुलगा आला, नवे बूट, केस पाण्यानं बसवलेले. त्यानं मारला, बॉल ठिगळाच्या अंगाला झुकला, आणि मी डाव्या कुशीवर पडले, बरोबर रेघेवर, लांबच्या लांब. बॉल पोटाशी धरला. डोळे मिटलेले होते. नाकात चुना, तोंडात माती.

लगेच भांडण सुरू. कॉलनी म्हणे, बॉल रेघेच्या आत होता, गोल झाला. आमचे म्हणे, नाही. रेघ तर माझ्या पडण्यानं पुसून गेलेली, आता दाखवणार काय? भांडण पोरांच्या बापांपर्यंत पोचलं. तेव्हा हमीदचाचा आले, मला म्हणाले, उभी राह्य बेटा, हात वर कर. मी हात वर केला. डाव्या कुशीला, बगलेपासून कमरेपर्यंत, बन्यान लालभडक झालं होतं. ओल्या चुन्यानं हळदीचं कुंकू केलं होतं. चाचांनी सगळ्यांना जवळ बोलावून तो पट्टा दाखवला. "हे रेघ हाये. पोरगी रेघेवर पडली. अन् बॉल कुठी होता? पोटापुढं, मैदानाकडं. मंग तो आत गेला कसा? सांगा बापा, मलेही समजू द्या."

ओव्हरमन साहेब स्वतः वाकून पट्टा बघून गेले आणि म्हणाले, बरोबर आहे, टायर लाइन जिंकली. आयुष्यात मला इतक्या लोकांनी एकाच वेळी कधी नीट बघितलं असेल, तर ते तेव्हाच.

मला खांद्यावर घेतलं नाही कोणी. मुलगी होते ना. बॉल माझ्या हातात दिला आणि मी पुढं, बाकी सगळे मागे, असे आम्ही टायर लाइनला आलो. आई दारात उभी होती. तिनं लांबून पाहिलं, पोरगी येते आहे आणि अंगावर लाल. हळद तिनंच कालवली होती, चुना लागल्यावर काय होतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण त्या क्षणी तिला ते सुचलं नाही. रक्तच वाटलं. ती धावत आली, पदर माझ्याभोवती गुंडाळला आणि मला ओढत आत नेलं. आत गेल्यावर तिला कळलं. ती खाली बसून हसली थोडी. मग रडली. मग म्हणाली, "बस झालं आता. लोकायनं पाह्यलं." काय पाहिलं लोकांनी, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बन्यान न धुताच तिनं पेटीत टाकलं, पातळांच्या खाली.

दादा बॅटरी घेऊन त्यानंतर आला. सायकल पंक्चर झाली होती म्हणे.

संध्याकाळची फायनल हमीदचाचांच्या दुकानात लागली. अख्खी रांग तिथं होती. मी नव्हते, आईनं बाहेर पडू दिलं नाही. मी आमच्या मागच्या खोलीत भिंतीला कान लावून होते, भिंतीपलीकडे टायर रचलेले, त्यांच्यातून आवाज घुमून यायचा. मी माझ्या देशाची फायनल अशी ऐकली. ब्राझीलचा पहिला गोल झाला तेव्हा भिंत हादरली. जर्मनीच्या गोलकीपरच्या हातून बॉल निसटला, असं कोणीतरी ओरडून बाहेरच्याला सांगत होतं. तीन-चार दिवसांनी चिवड्याच्या पुडीच्या कागदावर त्या गोलकीपरचा फोटो आला. खांबाला पाठ टेकून बसलेला, पाय पसरून. मी तो कागद पुसून घडी करून ठेवला होता. आई म्हणाली, कोणाचा कोण तो, तुले कायचं एवढं? पुढच्या रविवारी गोलमध्ये दादा होता आणि मी भांडी घासत होते.

दादानं चोरी केली असं मी म्हणणार नाही. चोर एका रात्रीत नेतो. हे हळूहळू झालं. आधी काही वर्षं तो म्हणायचा, आमच्या छोटीनं अडवला. माझं लग्न होऊन मी यवतमाळला गेले, तसं ते 'आमच्या घरानं अडवला' झालं. पुढं 'आम्ही अडवला'. सासरी मी फुटबॉलचं नावही काढलं नव्हतं, कशाला काढू? आई गेली तेव्हा तिची पातळं मला आली आणि पेटी दादाकडे राहिली. मग हॉटेल झालं, गिऱ्हाइकं बसायला लागली, आणि चहाच्या टेबलावर एखाद्या दिवशी त्याच्या तोंडून 'मी' निघून गेलं असेल. कोणी टोकलं नसेल. एकदा निघाल्यावर ते परत आत कसं जाणार?

त्या रविवारी मी पोचले तेव्हा हॉटेलात खुर्च्या मांडणं चालू होतं. दादा भजीच्या कढईजवळ उभा होता. मी सरळ विचारलं.

"दादा, आज तरी सांगशील ना?"

"काय?"

"तुले माहीत हाये काय."

त्यानं झाऱ्यानं तेल निथळलं. माझ्याकडं बघितलं नाही. "आता कायले उकरून काढतं वं? पट्टीवर नाव कोरून झालं. लोकायले काय सांगू, मी बॅटरी आणाले गेलतो म्हणून?"

"हो. तेच सांग."

"पोट्टे हसतीन मले."

"मले हसले नव्हते का?"

त्यानं कढईत नवा घाणा सोडला. मग हळूच म्हणाला, "बोलतो ना दोन शब्द तुयाबद्दल. नाई कधी म्हटलं?" मला बरं वाटलं. खरंच वाटलं. किती मूर्ख असावं माणसानं.

पुढच्या रांगेत हमीदचाचा बसले होते. पांढरी दाढी, गुडघ्यावर शाल, शेजारी नातू. मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. टायर लाइनची बाकी माणसं पांगली होती, तो पट्टा हातानं धरून दाखवणारं हे एकच माणूस आता उरलं होतं. मी मुक्ताला मुद्दाम त्यांच्यासमोर बसवलं आणि म्हटलं, "चाचा, हिले सांगा ना, ते पेनल्टीचं."

चाचांचा चेहरा उजळला. त्यांनी सगळं सांगितलं. रात्रीचा पाऊस, फुगलेला चुना, ठिगळाचा बॉल, ओव्हरमन साहेबाच्या मुलाचे नवे बूट. "असा पडला बेटा, डाव्या कुशीवर, लांबच्या लांब. मी म्हणलं, हात वर कर. अन् दाखवला पट्टा." त्यांनी स्वतःचा थरथरता हात वर करून दाखवला. एकही गोष्ट चुकली नाही.

"कोण पडलं होतं, चाचा?" मी विचारलं.

"आपला विलास," ते म्हणाले. "दुसरं कोण?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. खोटं बोलणारे डोळे नव्हते ते. त्यांना खरोखर विलासच दिसत होता, त्या मैदानावर, त्या बन्यानात. भांडावं तरी कोणाशी? त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "तू होती का वं तेव्हा? लहान असशील."

मॅचच्या आधी कार्यक्रम झाला. कोणी पुढारी आले होते, त्यांनी फ्रेमला हार घातला. दादानं माइक हातात घेतला आणि पाऊस, चुना, पेनल्टी, सगळं सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, मधेमधे थांबून. टाळ्या पडल्या. मग तो म्हणाला, "आज माझी बहीण इथं आली आहे. त्या बन्यानामागं तिचा मोठा हात आहे." मुक्तानं माझा हात दाबला.

"हे बन्यान," दादा म्हणाला, "तिनं हळदीत रंगवून दिलं होतं."

टाळ्या. मला पुढं बोलावलं. वहिनीनं नारळ आणि ब्लाउजपीस दिलं, कुंकू लावलं. पुढाऱ्यांनी हात जोडले. हमीदचाचाही टाळ्या वाजवत होते, दोन्ही हात कसेबसे जुळवून. मी फ्रेमखाली उभी राहिले. दादा माझ्या शेजारी. फोटोवाला म्हणाला, ताई, थोडं हसा. मी हसले. तो फोटो आता तिथंच कुठंतरी लागेल.

पडद्यावर मॅच सुरू झाली तशी मी मुक्ताला घेऊन बाहेर आले. जायला दुसरं घर नव्हतं, मुक्काम दादाकडंच होता, नुसती रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिले. थंडी पडली होती. कोळशाचे ट्रक एकामागं एक ताडपत्री फडफडवत चंद्रपूरकडं जात होते, आणि प्रत्येक ट्रकमागं धूळ उठून आमच्या अंगावर बसत होती. नारळ मी काखेत धरला होता.

"आई," मुक्तानं विचारलं, "बन्यान तू रंगवलं होतं?"

"नाही. ते आजीनं रंगवलं होतं."

"मग तू काय केलं होतं?"

"मी अडवला होता."

ती मागं वळून दारातून आत बघत राहिली, जिथं मामा खुर्च्यांमधून भजीच्या ताटल्या फिरवत होता आणि चाचा पडद्याकडं तोंड वर करून बसले होते. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, ते मला दिसलं. इतक्या वर्षांत ठेवणारी पहिलीच. तेवढ्यात आत खुर्च्या सरकल्या, आरडाओरड झाली, पेनल्टी मिळाली पेनल्टी मिळाली असं कोणीतरी दारात येऊन सांगून गेलं, आणि मग गोल झाल्याचा कल्ला उठला.

"पण मग कोणालेच कसं आठवत नाही?" मुक्तानं विचारलं.

"तो माझ्या हातून सुटला असता ना बेटा," मी म्हणाले, "तर सगळ्यायले आठवलं असतं. माझ्या नावासकट."